परसातील आवळा

आवळा ठाऊक नाही असे मूल महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. शाळेच्या फाटकापाशी मीठ-तिखट लावून विकावयास ठेवलेले आवळे, आजीच्या बरणीतील मोरावळा, तुळशीच्या लग्नात ऊस, चिंच आणि बोरे यांच्या शेजारी वृंदावनात ठेवलेला आवळा, अशा किती तरी ठिकाणी हे फळ आपणांस भेटते. आवळा खाऊन वर पाणी प्यावे म्हणजे ते साखर घातल्यासारखे गोड लागते, हा प्रयोगही कोणी न शिकविता प्रत्येकाने केलेला असतो. परंतु हाच आवळा आपल्या घरी लावावयाचा असे ठरले, तर तो कोणता लावावा, या प्रश्नाचे उत्तर शंभरांतील एखाद्यासच देता येईल. 'आवळ्यात कोणता आणि कसला? आवळा तो आवळा!' असेच पुष्कळांना वाटते. तसे वाटल्यामुळे काय होते, ते मी हिंजवडीस पाहिले.

हिंजवडी हे पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील गाव. आज या गावाचे नाव काढले की काचेच्या उंच इमारती आणि त्यांत संगणकांपुढे बसलेली हजारो माणसे डोळ्यांपुढे येतात. येथे माहिती तंत्रज्ञानाचे उद्यान उभे राहू लागले, त्यास आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या उद्यानाच्या गजबजाटापलीकडे जुने गावठाण मात्र अजून आहे. चैत्री पौर्णिमेस म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघते आणि परगावी गेलेली माणसे घरी येतात. गावठाणातील काही घरांच्या मागे अजून परस शिल्लक आहे. परसात तुळस, कढीलिंब, एखादे पेरूचे झाड आणि क्वचित आवळा दिसतो.

अशाच एका परसात आवळ्याचे एक मोठे झाड आहे. घरच्या आजोबांनी ते बी पेरून वाढविलेले. कित्येक वर्षे कार्तिक महिन्यात त्याच्या फांद्या फळांनी वाकत. आजी मोरावळा घाली, लोणचे घाली, उरलेले आवळे सुपात भरून शेजारी धाडी. पुढे एका वर्षी एकाएकी फळे कमी झाली. त्यानंतरच्या वर्षीही मूठभरच आली. झाड हिरवेगार होते, चैत्रात फुलतही होते. पण फळ धरीना. आजी म्हणाली, "दृष्ट लागली." आजोबा म्हणाले, "झाड माझ्यासारखंच म्हातारं झालं." घरात नुकतीच मोटार आली होती आणि ती उभी करावयास जागा नव्हती. तेव्हा हे झाड तोडून तेथे फरशी घालावी, असे बोलले जाऊ लागले. घरातील नात सातवीत शिकत होती. तिला ते झाड तोडलेले नको होते. पण 'फळ येत नाही तर ठेवायचं कशाला?' या वडिलांच्या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते.

मी त्या घरी गेलो असता तिने मला झाडाखाली नेले. मी आजोबांना विचारले, "आबा, फळं कमी झाली ती नेमकी कधीपासून?"

आजोबा विचार करून म्हणाले, "शेजारचा वाडा पाडून ही पाच मजली इमारत झाली ना, त्याच्या पुढच्या सालापासून."

"त्या वाड्याच्या परसात आवळा होता का हो?"

"होता तर! आमच्याहून जुना. जागा मोकळी करताना तोडला तो."

झाडाच्या दुखण्याचे मूळ येथे सापडले. हे दुखणे समजण्यासाठी आपण आवळ्याच्या फुलाकडे थोडे निरखून पाहू या.

आवळ्याचे फूल फार थोड्यांनी पाहिलेले असते, कारण ते लपलेले असते. आवळ्याचे पिसासारखे लांब पान म्हणून आपण जे ओळखतो, ते वास्तविक पान नव्हे, ती एक नाजूक डहाळी होय. तिच्या दोन्ही बाजूंस दाटीने बसलेली बारीक पाती, तीच आवळ्याची खरी पाने. या पात्यांच्या बेचक्यांत, ज्वारीच्या दाण्याएवढी, हिरवट पिवळी फुले वसंत ऋतूत येतात. ती सगळी सारखी दिसतात, पण सारखी नसतात. त्यांपैकी बहुतेक नरफुले असतात. ती पराग देतात आणि गळून जातात. मादीफुले त्यामानाने फारच थोडी, आणि तीही काही डहाळ्यांवरच, शेंड्याच्या बाजूस असतात. फळ धरते ते केवळ या मादीफुलांतून. झाड फुलांनी भरले म्हणजे फळांनी भरेल, असा जो आपला समज असतो, तो आवळ्याच्या बाबतीत म्हणूनच फसतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मादीफुलात फळ धरावयाचे तर त्यावर पराग पडावा लागतो. तो वाऱ्याने येतो, मधमाश्याही आणतात. एकाच झाडावर नरफुले व मादीफुले दोन्ही असता पराग दुरून येण्याची गरज काय, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. परंतु आवळ्याच्या मादीफुलाला आपल्याच झाडाचा पराग सहसा मानवत नाही. त्याला दुसऱ्या जातीच्या, निदान दुसऱ्या बीजापासून झालेल्या झाडाचा पराग हवा असतो. एकटे झाड अगदीच वांझ राहते असे नव्हे. काही झाडे एकटीही थोडीफार फळे देतात. पण भरघोस पीक हवे असेल, तर आसपास दुसरा, वेगळा आवळा असावयास पाहिजे. हिंजवडीच्या त्या परसातील झाड इतकी वर्षे फळत होते ते भिंतीपलीकडच्या झाडाच्या भरवशावर. भिंत माणसांसाठी असते. वारा आणि मधमाशी ती मानीत नाहीत. पलीकडचे झाड गेले आणि अलीकडच्या झाडाची फळे गेली.

मी हे सांगितले तेव्हा आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे झाड म्हातारं नाही झालं, एकटं पडलं."

तेव्हा झाड तोडावयाचे नाही, तर त्याला जोडीदार द्यावयाचा, असे ठरले. वडिलांनी मोटारीची सोय घराच्या दुसऱ्या अंगास करण्याचे कबूल केले, पण एक अट घातली. नव्या रोपाला चार वर्षे देऊ. तोवर फळ आले नाही, तर मग फरशी. ही अट मला अन्यायाची वाटली नाही. आवळ्याचे झाड लावणे म्हणजे पालेभाजी पेरणे नव्हे. पालेभाजी बिघडली तर महिन्याभरात दुसरी पेरता येते. चुकीचा आवळा लावला तर ती चूक कळावयास काही वर्षे लागतात, आणि तोवर सातवीतील मुलगी शाळा सोडून गेलेली असते. म्हणून जोडीदार निवडताना घाई करावयाची नाही, हे आम्ही मनाशी पक्के केले.

पहिला प्रश्न आला तो बियांचा. नात म्हणाली, "आजोबांनी बी पेरलं, तसं आपणही पेरू या." आवळ्याच्या कठीण आठळीत साधारणपणे सहा बिया असतात. आठळ्या उन्हात वाळविल्या की तडकतात आणि बिया बाहेर पडतात. त्या पेरणे सोपे असते. परंतु बियांपासून वाढलेल्या झाडाला फळ येण्यास सहा ते आठ वर्षे लागतात, आणि ते फळ आईसारखे होईल याचा भरवसा नसतो. मोठ्या, रसाळ आवळ्याच्या बीपासून गोटीएवढा तुरट आवळाही निपजतो. एकाच घरातील भावंडे जशी एकमेकांसारखी नसतात, तसेच हे आहे.

यासाठी बागाईतदार कलम वापरतात. बियांपासून वाढविलेल्या धट्ट्याकट्ट्या रोपाच्या सालीवर चांगल्या जातीच्या झाडाचा डोळा बसवितात. पुढे त्या डोळ्यातून जी फांदी फुटते, तिला फळ लागते ते डोळा ज्या झाडाचा घेतला त्या झाडासारखेच. आणि तेही तीन-चार वर्षांत. वडिलांची अट कलमानेच पुरी होण्यासारखी होती.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. एखाद्या जातीची हजारो कलमे जरी असली, तरी ती सारी मूळ एकाच झाडाच्या डोळ्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलेली असतात. म्हणजे हजार ठिकाणी उभे असलेले ते एकच झाड होय, असे म्हणण्यास हरकत नाही. म्हणून कोणी परसात एकाच जातीची दोन कलमे शेजारी शेजारी लावली आणि 'आता जोडी झाली' असे म्हटले, तर ती जोडी होत नाही. दोन्ही झाडांचा पराग एकच. जोडीदार हवा तो वेगळ्या जातीचा. आजोबांचे झाड बियांपासून झालेले असल्यामुळे जगात त्याच्यासारखे दुसरे झाड नव्हतेच. त्याला कोणत्याही जातीचे कलम जोडीदार म्हणून चालणार होते. शिवाय आवळ्याचा फुलोरा काही आठवडे टिकतो, त्यामुळे दोन्ही झाडे एकाच वेळी फुलण्याची अडचण सहसा पडत नाही. मग घराला हवे तसे फळ देणारी जात निवडणे, एवढेच काम राहिले.

आवळ्याच्या ज्या जाती आज आपल्या देशात लावल्या जातात, त्यांपैकी बहुतेकींचे कूळ उत्तर प्रदेशातील आहे. तेथील प्रतापगड जिल्हा आवळ्यासाठी प्रसिद्ध आहे. बनारसी, चकैया आणि फ्रान्सिस ह्या तेथल्या जुन्या जाती. या तिघींचे स्वभाव तीन तऱ्हांचे आहेत.

बनारसी आवळा दिसावयास राजबिंडा. फळ मोठे, साल पातळ, रंग सुरेख, आणि ते इतरांच्या आधी तयार होते. रोपवाटिकेत फळांचे चित्र लावलेले असते ते पुष्कळदा याचेच. परंतु या झाडावर मादीफुले फार कमी येतात आणि लहान फळे गळतातही पुष्कळ. तोडलेले फळ फार दिवस टिकत नाही. मोठे फळ पाहून भुललेला माणूस बनारसीचे एकच कलम नेऊन लावतो आणि पुढे वर्षानुवर्षे वर पाहत राहतो. आवळा देऊन कोहळा काढावा अशी म्हण आहे. येथे विकणारा आवळा नुसता दाखवूनच कोहळा काढतो.

चकैया याच्या अगदी उलट आहे. फळ मध्यम, थोडे चपटे, आणि सर्वांत शेवटी तयार होणारे. झाड मात्र मोठे इमानी; न चुकता भरपूर फळ देणारे. फळ टिकतेही चांगले. दोष एकच, की गरात धागा फार. लोणच्याला आणि वाळवून केलेल्या आवळकाठीला तो चालतो, पण मोरावळ्यात दातांत अडकतो.

तिसरी जात फ्रान्सिस. तिच्या फांद्या खाली लोंबतात, म्हणून तिला हाथीझूल असेही म्हणतात. फळ मोठे, पीकही बरे. पण तिच्यात एक आतले दुखणे आहे. बाहेरून तजेलदार दिसणारे फळ कापले तर आठळीजवळचा गर तपकिरी, पुढे काळपट झालेला आढळतो. जमिनीतील बोरॉन या द्रव्याच्या उणिवेशी या विकाराचा संबंध आहे. शेतकरी त्यासाठी टाकणखाराच्या पातळ द्रावणाची फवारणी करतात. शेतात हे जमते; घरच्या एका झाडासाठी असली उठाठेव कोण करीत बसणार? परसासाठी मी तरी फ्रान्सिस सुचविणार नाही.

या जुन्या जातींतील उणिवा पाहून उत्तर प्रदेशातील कुमारगंज येथील नरेंद्र देव कृषी विद्यापीठातील संशोधकांनी नव्या जाती निवडून काढल्या. हे विद्यापीठ १९७५ साली सुरू झाले. 'निवडून काढल्या' हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. त्यांनी जुन्या जातींच्या बियांपासून झालेली झाडे तपासली आणि त्यांतील गुणी झाडे निवडून त्यांची कलमे केली. म्हणजे मघाशी आपण ज्या बियांवर भरवसा नाही म्हणून बाजूस सारल्या, त्याच बियांतून ह्या उत्तम जाती आल्या! बियांपासून होणारे झाड आईसारखे नसते हा घरच्या बागेत दोष. संशोधकाच्या बागेत तोच गुण ठरतो. पण त्यासाठी पुष्कळ झाडे लावण्यास जागा आणि वर्षानुवर्षे वाट पाहण्यास धीर हवा. आपल्या परसात दोन्ही नाहीत.

या नव्या जातींपैकी कृष्णा ही बनारसीची कन्या. ती लवकर तयार होते. फळ आईसारखे देखणे, त्यावर कधीकधी तांबूस छटा असते. चकैयाची कन्या कांचन. तिचे फळ लहान, पण पीक बेताचे नव्हे, भरपूर. घरच्या बागेच्या दृष्टीने मात्र दोन जाती अधिक ध्यानात घेण्यासारख्या आहेत. त्यांना नावे न देता क्रमांकच दिलेले आहेत: नरेंद्र आवळा ६ आणि नरेंद्र आवळा ७. पहिली चकैयाच्या बीजापासून झालेली. तिने आईचे भरघोस पीक घेतले आणि धागा मात्र टाकून दिला. म्हणून तिचे फळ मोरावळ्यास फार चांगले. दुसरी फ्रान्सिसच्या बीजापासून झालेली. तिच्यात आतून काळे पडण्याचा विकार आढळत नाही, मादीफुले भरपूर येतात आणि ती लवकर फळावर येते. फळे इतकी लागतात की ओझ्याने फांद्या मोडतात. त्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात. याशिवाय तमिळनाडूत भवानीसागर येथे आणि गुजरातेत आणंद येथेही चांगल्या जाती निघाल्या आहेत, पण पुण्याच्या बाजूस ज्यांची कलमे सहज मिळतात त्यांचाच विचार आम्ही केला.

निवड शेवटी आजीवर सोपविली. मी नातीला म्हटले, "आजीला विचार, तिला आवळे कशासाठी हवेत?" ही विचारणा अनेकांना सुचत नाही. लोक झाडाची जात रोपवाटिकेत विचारतात. ती आधी स्वयंपाकघरात विचारावी, असे मला वाटते. ज्या घरी आवळकाठी आणि लोणचे होते त्या घरी चकैया वाईट नाही. ज्यांना तुळशीच्या लग्नाला आपल्या झाडाचा आवळा हवा, त्यांनी लवकर तयार होणारी कृष्णा पाहावी. आजीने एका शब्दात निकाल दिला. म्हणाली, "धागा नको." नरेंद्र आवळा ६ ठरला.

कलम आणावयास गेल्यावर एक नवीच फसगत होऊ पाहत होती. एका रोपवाटिकेत कुंडीवर 'गूजबेरी' अशी पाटी होती. इंग्रज लोकांनी आवळ्याला भारतीय गूजबेरी म्हटले खरे. पण त्यांची मूळ गूजबेरी म्हणजे थंड प्रदेशात वाढणारे काटेरी झुडूप. तिला हिवाळ्यात कडक थंडी लागते. हिंजवडीची थंडी तिला पुरणार नाही. पुन्हा केप गूजबेरी म्हणजे आपली रसभरी. कागदी वेष्टनात गुंडाळल्यासारखे पिवळे फळ देणारे, मूळचे दक्षिण अमेरिकेतील लहानसे रोप. त्या कुंडीत रसभरी होती! आणखी एक नामसाधर्म्य आपल्याच घरचे आहे. रायआवळा हा आवळ्याचा भाऊबंद खरा. त्याची पिवळसर, कंगोरेदार, आंबट फळे खोडाला आणि फांद्यांना घोसांनी लगडतात. पण तो निराळा वृक्ष होय, आणि आवळ्याचा जोडीदार म्हणून त्याचा उपयोग नाही. तेव्हा केवळ पाटी वाचून रोप घेऊ नये. पान पाहावे, कलमाचा सांधा पाहावा आणि जातीचे नाव लिहून घ्यावे.

खात्रीचे कलम कोठे मिळेल याची चौकशी कृषी विद्यापीठाच्या केंद्रात करणे चांगले. १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र पुण्यातच गणेशखिंड येथे आहे. हिंजवडीहून ते दूर नाही. तेथील जुन्या बागेस २०२० साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करण्यात आले आहे. झाडे लावण्यापूर्वी वाढलेली झाडे पाहावयाची असतील, तर अशा बागा पाहाव्यात. कुंडीतील वीतभर कलम पाहून त्याचा पुढे केवढा विस्तार होतो याची कल्पना येत नाही, आणि मग लोक ते भिंतीला खेटून लावतात.

आमच्या परसात जागेचे माप नातीनेच घेतले. आवळ्याच्या दोन झाडांत ६ ते ७ मीटर अंतर असावे. जुन्या झाडापासून तेवढे मोजले तेव्हा नवी जागा विहिरीजवळच्या कोपऱ्यात आली. आजोबांनी आक्षेप घेतला. पावसाळ्यात तेथे पाणी साचते, हे त्यांना ठाऊक होते. आवळा मुरमाड, हलक्या जमिनीत येतो, थोडे खारट पाणीही सोसतो. पण मुळांशी साचलेले पाणी सोसत नाही. मापाची पट्टी जे सांगत नाही ते म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते. जागा थोडी वर, उताराकडे सरकविली.

उन्हाळ्यातच सुमारे १ मीटर लांब, तितकाच रुंद आणि खोल असा खड्डा खणून तो उन्हात तापू दिला. मग कुजलेले शेणखत आणि वरच्या थरातील माती एकत्र करून तो भरला. आषाढात पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर कलम लावले. लावताना सांधा मातीच्या वर राहील असे पाहिले. सांध्याच्या खालून जर फुटवा आला तर तो ताबडतोब खुडावयाचा, हे काम नातीकडे दिले. हे काम लहान दिसते, पण त्यात हयगय झाली तर सगळेच मुसळ केरात. खालचा फुटवा हा बियांच्या रानटी रोपाचा असतो. तो जोमाने वाढतो, वरच्या कलमास दाबून टाकतो, आणि घरच्या माणसांना वाटते की कलम छान वाढले! पुढे फळ येते ते गोटीएवढे, आणि शिव्या मात्र रोपवाटिकेला बसतात.

जुन्या झाडाविषयी एक सूचना मी घरातील सर्वांना देऊन ठेवली. चैत्रात आवळा फुलला आणि वैशाख-ज्येष्ठात फांद्यांवर काहीच दिसले नाही, तर निराश होऊ नये. आवळ्याची रीत इतर फळझाडांहून वेगळी आहे. वसंतात परागाचा संयोग होतो, पण फळ लगेच वाढीस लागत नाही. डोळ्यांना दिसणार नाही असे बारीक होऊन ते उन्हाळाभर निजून राहते. पाऊस पडू लागला म्हणजे जागे होते आणि मग भराभर फुगते. मे महिन्यात रिकामी दिसणारी फांदी कार्तिकात वाकलेली असू शकते. उन्हाळ्यात पाहून ज्यांनी झाड वांझ ठरविले असेल, त्यांनी कित्येक गुणी झाडांवर अन्याय केला असेल.

नव्या कलमाला फुले येईपर्यंत जुन्या झाडाने काय करावे, हा प्रश्न राहिला होता. त्यावर आजोबांनीच तोड काढली. त्यांनी विचारले, "रोपावर डोळा बसतो, तर मोठ्या झाडाच्या फांदीवर का बसू नये?" ही गोष्ट मला आधी सुचावयास हवी होती. ज्यांच्या परसात एकाच झाडापुरती जागा आहे, त्यांच्यासाठी तर हाच उत्तम मार्ग होय: एकाच झाडाची एक फांदी दुसऱ्या जातीची करावयाची. म्हणजे झाड एक, पण पराग दोन जातींचा. थंडी सरल्यावर जुन्या झाडाची वाऱ्याच्या बाजूची एक फांदी कापून आखूड केली. तिला उन्हाळ्यात जोमदार कोवळे फुटवे आले. पाऊस सुरू झाल्यावर नरेंद्र आवळा ७ या जातीची पेन्सिलएवढी जाड काडी मिळवून आणली आणि एका जाणत्या माळ्याने डोळा भरला.

नात त्याच्या शेजारी उभी राहून पाहत होती. त्याने धारदार चाकूने फुटव्याच्या सालीचा एक लहानसा चौकोन उचलून काढला. काडीवरून त्याच मापाचा, मध्ये डोळा असलेला सालीचा तुकडा अलगद सोडविला. तो त्या चौकोनात बरोबर बसविला, आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधला. सगळ्या कामाला बोलण्याइतकाही वेळ लागला नाही. साली एकमेकींना नीट भिडल्या पाहिजेत आणि ओल सुकण्यापूर्वी काम उरकले पाहिजे, एवढेच काय ते कौशल्य, असे माळी म्हणाला. पण ते कौशल्य त्याला किती वर्षांनी आले, हे त्याने सांगितले नाही. त्याने असे तीन डोळे भरले.

तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडविल्या. एक तुकडा काळा पडून गळाला होता. दुसरा वाळला होता. तिसरा मात्र आजूबाजूच्या सालीसारखाच हिरवा होता, आणि त्याच्या मधला डोळा किंचित फुगला होता. नातीने त्या फांदीला लाल दोरा बांधला आणि वहीत तारीख लिहून ठेवली.